ऑर्लँडोला जाताय? आधी यादी खोडा

अटलांटात राहणाऱ्या मराठी घरांना एक बिनपगारी नोकरी आपोआप लागते. भारतातून आलेल्या पाहुण्यांना डिस्नेवर्ल्ड दाखवून आणायचं. गाडीने सातेक तासांचा रस्ता, त्यामुळे लांब आहे अशी सबबही सांगता येत नाही. आमच्याकडून सासू-सासरे, नणंदेचं बिऱ्हाड, माहेरची मंडळी असे सगळे आळीपाळीने तिकडे जाऊन आले. मग ओळखीतले लोक फोन करायला लागले, ‘आमचंही जरा आखून दे ना.’ त्या फोनवर मी जे बोलते, तेच इथे लिहिते आहे. फोनवर लोक मध्येच तोडतात, इथे तेवढं होणार नाही.

१. राइडच्या आधी घरातल्या माणसांची यादी करा

कोणाचे गुडघे, कोणाची साखर, कोणाला अंधारात घाबरायला होतं, कोणाला दुपारी दोनला डोळे मिटावेच लागतात, हे आधी कागदावर येऊ द्या. एका पार्कात दिवसभरात सहज दहा-बारा किलोमीटर चालणं होतं. एपकॉटमध्ये देशोदेशींचे मंडप ज्या तळ्याभोवती उभे आहेत, त्याची नुसती एक फेरी सुमारे दोन किलोमीटरची आहे. आमच्या सासूबाई रोज पहाटे फिरायला जातात, म्हणून ‘मला काही होत नाही’ हे त्यांचं ठाम मत. पण चालण्यापेक्षा रांगेत थांबत थांबत पुढे सरकण्याने पाय जास्त भरून येतात, आणि त्याचा सराव पहाटेच्या फेरीत होत नाही.

व्हीलचेअर पार्कच्या दाराशीच दिवसाच्या भाड्याने मिळते. ती आधी राखून ठेवता येत नाही, सकाळी जो येईल त्याला मिळते. पण आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांपुढे नुसतं नाव काढलं तरी मानापमान सुरू होतो. ‘मी काय एवढी म्हातारी झालेय?’ इथे वाद घालू नये. पाण्याच्या बाटल्या, रेनकोट, डबे ठेवायला म्हणून खुर्ची घ्यावी आणि मुकाट्याने ढकलत चालावं. तीनच्या सुमारास सामान मांडीवर घेऊन सासूबाई स्वतःच खुर्चीत बसल्या. कोणी काही बोललं नाही, आणि तुमच्याकडेही कोणी काही बोलू नये. पाच-सहा वर्षांच्या मुलांचं असंच असतं. ‘आता मोठा झालाय, स्ट्रोलर कशाला’ असं म्हणणाऱ्या बापाच्याच खांद्यावर ते मूल संध्याकाळी झोपतं.

२. ‘पैसे वसूल’ला घरी ठेवून निघा

डिस्नेवर्ल्डमधलं मॅजिक किंगडम हे पार्क १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झालं, तेव्हा मोठ्या माणसाचं प्रवेशाचं तिकीट साडेतीन डॉलर होतं. राइडची कूपनं वेगळी, ‘ए’ ते ‘ई’ अशा पायऱ्यांची. ‘ई’ म्हणजे सगळ्यात भारी राइड, आणि ती कूपनं मोजकीच. त्यामुळे माणसाला निवड करणं भागच होतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती पद्धत गेली आणि एका तिकिटात सगळं आलं. आज कुठलाही दिवस घ्या, माणशी शंभर डॉलरच्या वरच जातात, आणि गर्दीच्या दिवशी मॅजिक किंगडमचं तिकीट दोनशेच्या आसपास पोचतं. एवढे मोजले की आपल्या डोक्यात रुपयांचा गुणाकार सुरू होतो आणि सगळं बघितलंच पाहिजे असं वाटायला लागतं. सहलीतली निम्मी भांडणं या गुणाकारातून निघतात.

बारा तासांतून चालणं, जेवणं, स्वच्छतागृहं, कोणीतरी हरवणं-सापडणं वजा करा. नावाजलेल्या राइडला तासाभराची रांग धरा. हाती मोठ्या अशा सात-आठ गोष्टी उरतात. म्हणून आमच्याकडे निघायच्या आदल्या रात्री प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची, जी झाली नाही तर खरंच वाईट वाटेल अशी. तेवढ्या पक्क्या. बाकीच्यांवर सगळ्यांदेखत काट मारायची. काट मारताना जी कुरकुर व्हायची ती हॉटेलच्या खोलीत होऊन जाते, उन्हात होत नाही.

तिकिटांचा एक बारकावा लक्षात ठेवा. तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, तीन ते नऊ मुलांचं, आणि दहा पूर्ण झाली की मोठ्यांचं. धाकटीचा तिसरा वाढदिवस जवळ आला असेल तर तारीख बघून जा.

३. उंची घरी मोजा

बूट घालून, दाराच्या चौकटीला टेकवून. सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनला ३८ इंच लागतात, टियानाज बायूला ४०, स्पेस माउंटनला ४४, ट्रॉनला ४८. पट्टीजवळचे कर्मचारी गोड बोलतात पण अर्धा इंचही सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. भाच्याला ४४ ला अगदी थोडं कमी पडत होतं. ते आम्हाला घरीच कळलं, त्यामुळे स्पेस माउंटनचं नाव त्याच्यासमोर कोणी काढलंच नाही.

मूल लहान असेल तर आई-बाबांपैकी एकानेच राइड घ्यायची असं काही नाही. दाराशी ‘रायडर स्विच’ मागायचं. एक जण मुलाला घेऊन बाहेर थांबतो, दुसरा जाऊन येतो, मग पहिल्याला पुन्हा लांब रांग न लावता आत सोडतात. याचे वेगळे पैसे नाहीत. आजी-आजोबा बरोबर असतील तर लोक ही सोय विसरतात आणि नातवंडांना दिवसभर त्यांच्या गळ्यात घालतात. तेही सहलीलाच आलेले असतात.

४. ‘पोचलो’ आणि ‘आत गेलो’ यात तास जातो

हे नकाशा बघून कळत नाही. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड १९५५ मध्ये उघडलं, आणि बघता बघता त्याच्या कुंपणाला लागून मोटेलं आणि दुकानं उभी राहिली. वॉल्ट डिस्नेला ते अजिबात आवडलं नाही. म्हणून फ्लोरिडात त्याने वेगवेगळ्या बनावट नावांच्या कंपन्या काढून गुपचूप दलदलीची जमीन घेतली, सत्तावीस हजार एकरांच्या वर. १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये वर्तमानपत्राने गुपित फोडलं, तोवर बहुतेक व्यवहार झाले होते. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९६६ मध्ये, तो गेला. थोरला भाऊ रॉय निवृत्तीचा विचार करत होता, त्याने ते बाजूला ठेवून काम पुरं केलं आणि जागेला भावाचं पूर्ण नाव दिलं. उद्घाटनानंतर तीन महिन्यांच्या आत रॉयही गेला. ही गोष्ट मी गाडीत सांगते. सासऱ्यांना मिकीपेक्षा रॉयच जास्त भावला. भावाभावांत जमिनीवरून एवढं चांगलं झालेलं त्यांनी फारसं पाहिलेलं नाही.

त्या जमिनीचा आपल्याला होणारा परिणाम असा, की चार पार्क एकमेकांपासून काही मैल दूर आहेत आणि एकातून दुसऱ्यात चालत जाणं बहुतेक वेळा जमत नाही. मॅजिक किंगडमचं तर वेगळंच. गाडी लावायची ती तळ्याच्या अलीकडे. तिथून फेरीबोटीने किंवा मोनोरेलने पलीकडे. हे मुद्दाम केलेलं आहे, गाड्यांचं जग मागे राहावं म्हणून. पण गाडी लावण्यापासून किल्ल्यासमोर उभं राहण्यापर्यंत, सुरक्षा तपासणी धरून, तासभर सहज जातो. पार्क नऊला उघडणार असेल तर आठला गाडी लागलेली हवी. उघडल्यानंतरचा पहिला तास हा दिवसातला सगळ्यात मोकळा तास असतो, आणि आपली माणसं तो हॉटेलात दुसऱ्या चहासाठी खर्च करतात.

आत गेल्यावर मुलांना सांगा की तुम्ही पहिल्या मजल्यावर चालताय. तिथे जमिनीखाली लगेच पाणी लागतं, म्हणून कामगारांचे बोगदे जमिनीच्या पातळीवर बांधले, त्यावर तळ्यातून उपसलेली माती टाकली, आणि पार्क वर बसवलं. वेशभूषा केलेली माणसं त्या बोगद्यांतून ये-जा करतात, म्हणून अंतराळातला माणूस काउबॉयच्या गल्लीत कधी दिसत नाही.

५. रांग किती लांब आहे ते बघू नका, किती वेगाने गिळते ते बघा

हाँटेड मॅन्शनमध्ये खुर्च्यांची साखळी अखंड फिरत असते, माणसं चालत्या पट्ट्यावरून तीत बसतात. अशी राइड तासाला दोन हजारांच्या वर माणसं आत घेते. रांग बाहेरपर्यंत आलेली दिसली तरी पाय सतत चालत राहतात. पायरेट्सच्या मोठ्या बोटींचंही तसंच. उलट पीटर पॅनची जहाजं एवढीएवढीशी, एकात दोन-तीन माणसं, त्यामुळे जेमतेम तीन मिनिटांच्या राइडसाठी दुपारी तासाच्या वर उभं राहावं लागतं. १९७१ पासून ती रांग अशीच आहे, कारण राइडला उंचीची अट नाही आणि प्रत्येक आजीला ती कळते. पीटर पॅन करायचं असेल तर सकाळी पहिलं, नाहीतर त्यावर काट.

पैसे देऊन रांग टाळण्याची सोयही आहे. हिची नावं आणि नियम बदलत असतात. १९९९ मध्ये फास्टपास आला तेव्हा तो फुकट होता, आता लायटनिंग लेन विकत घ्यावी लागते आणि तिची किंमत दिवसागणिक वेगळी. माझं मत स्पष्ट आहे. मॅजिक किंगडमला, गर्दीच्या दिवसांत, एक दिवस घ्यावी. अ‍ॅनिमल किंगडमला सकाळी लवकर पोचणाऱ्याने त्या पैशात चांगलं जेवावं. डिस्नेच्याच हॉटेलात उतरलेल्यांना ही आरक्षणं सात दिवस आधी मिळतात, इतरांना तीन, आणि दोघांनाही पहाटे सातला उठावं लागतं.

त्यासाठीचा फोन एकाच माणसाकडे असावा. आमच्याकडे एकदा नवरा आणि नणंदेचे यजमान दोघेही अ‍ॅपमध्ये शिरले आणि त्यांनी अर्ध्या कुटुंबाला एका टोकाच्या राइडचं आणि उरलेल्यांना दुसऱ्या टोकाच्या राइडचं आरक्षण घेऊन दिलं. दोघेही आयटीतले.

६. वामकुक्षी ही आपली परंपरा आहे, तिथेही पाळा

दुपारी एक ते चार ही वेळ पार्कात सगळ्यात वाईट. ऊन, गर्दी, चिडलेली मुलं. शक्य असेल तर जेवून खोलीवर जावं, झोपावं, अंघोळ करावी आणि पाचला परत यावं. त्यासाठी हॉटेल जवळचं हवं. दूरच्या हॉटेलात वाचवलेले पैसे इथे जातात. मॅजिक किंगडमच्या दिवशी ते जमत नाही, कारण तळं ओलांडण्यातच झोप उडते. त्या दिवशी आत झोपायचं. कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस नावाचं एक फिरतं नाट्यगृह आहे. रंगमंच जागच्या जागी राहतो आणि प्रेक्षकच गोल फिरतात. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यासाठी डिस्नेने ते करून घेतलं होतं. वीस मिनिटं, गार हवा, मऊ खुर्च्या, अंधार. विजेने घरसंसार कसा बदलत गेला ते दाखवतात म्हणे. आमच्याकडे ते शेवटपर्यंत फक्त सासूबाईंनी पाहिलं. धुण्याच्या यंत्राने बाईचे कष्ट किती वाचले याबद्दल त्यांची काही मतं आहेत, ती त्यांनी बाहेर आल्यावर सविस्तर मांडली.

७. डबा न्या

बाहेरचं खाणं आत चालतं, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. काचेची बाटली नको, दारू नको, आणि गरम करावं लागेल असं काही नको. म्हणजे दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी चटणी, भडंग, लाडू, सगळं जातं. तपासणीच्या टेबलावर दशम्यांची चळत उघडून दाखवताना सासूबाईंनी त्या गार्डलाही एक घ्यायचा आग्रह केला. झटपट जेवणाच्या काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट मिळतं, नुसतं मागायचं. इन्सुलिन थंड ठेवायचं असेल तर प्रत्येक पार्कातल्या प्रथमोपचार केंद्रात ठेवतात.

शाकाहाऱ्यांचे पूर्वीसारखे हाल होत नाहीत. वनस्पतीजन्य पदार्थांपुढे पानाची खूण असते, त्यात दूध-अंडंही नसतं. अननसाचं डोल व्हिप बिनधास्त घ्या. मार्शमॅलोपासून जपा, त्यात जिलेटिन असतं. गुरुवार करणाऱ्यांसाठी फ्रेंच फ्राइज उपासाला चालतात की नाही, आणि चालत असतील तर त्याच तेलात चिकन तळलेलं असल्याचं काय, ही चर्चा घरून संपवून या.

एक दिवस मात्र नीट बसून जेवा, आणि तो अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधल्या सना या हॉटेलात. भारतीय आणि आफ्रिकी मसाल्यांचा मेळ, नानबरोबर चटण्यांची एक रांगच येते, आणि खिडकीबाहेर जिराफ चरत असतात. साठ दिवस आधी टेबल राखता येतं.

८. पाऊस येणारच

फ्लोरिडात जून ते सप्टेंबर जवळजवळ रोज दुपारी गडगडाट होतो. विजा जवळ आल्या की उघड्यावरच्या राइड बंद. लोक घाबरून गाडीकडे पळतात. तुम्ही पळू नका, तासाभरात आकाश मोकळं होतं आणि गर्दी कमी झालेली असते. घरून प्लास्टिकचे रेनकोट आणि सगळ्यांसाठी जास्तीचे मोजे न्या. उकाडा मे महिन्यातल्या रत्नागिरीसारखा, त्यामुळे विदर्भातल्या पाहुण्यांनी तापमानाचे आकडे बघून हसू नये. आई-वडील भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले असतील आणि घरात शाळेचं मूल नसेल, तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबर गाठा. वादळांचा मोसम असतो हे खरं, पण अमेरिकेतल्या शाळा सुरू झालेल्या असतात. नाताळचा आठवडा मी तरी कोणाला सुचवत नाही.

९. सासऱ्यांची राइड

वडीलधाऱ्यांना तिथे ‘मुलांचं’ म्हणून नेलं जातं आणि ते बाकावर पर्सा सांभाळत बसतात. त्यांच्यासाठी तिथे बरंच काही आहे, फक्त शोधावं लागतं. एपकॉटमध्ये लिव्हिंग विथ द लँड नावाची बोट आहे. संथ, उंचीची अट नाही, पंधरा मिनिटांची. ती खऱ्या हरितगृहांतून जाते. मातीशिवाय वाढवलेली वांगी, भोपळे, टोमॅटो, हवेत लोंबणाऱ्या मुळांवर पडणारे पाण्याचे फवारे, माशांची टाकी. तिथलं काही पीक डिस्नेच्याच स्वयंपाकघरांत जातं. सासऱ्यांची सांगलीजवळ द्राक्षबाग आहे. बोटीतून उतरले ते सरळ पुन्हा रांगेकडे वळले. दुसऱ्या फेरीत त्यांनी नळ्या, जाळ्या, गाळणी सगळं पाहून घेतलं. ‘सगळं झकास आहे. पण याचा एकरी खर्च कुणी सांगत नाही,’ असा निकाल दिला. दिवसभरात ते एवढे खूश पुन्हा दिसले नाहीत.

त्याच एपकॉटमध्ये तळ्याभोवती अकरा देश आहेत. त्यात भारत नाही. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ‘आपला कुठंय?’ करत दोन किलोमीटर चालावं लागतं.

आपल्यासारखं काही बघायचं असेल तर अ‍ॅनिमल किंगडममध्ये जा. तिथे आशियाच्या भागात आनंदपूर नावाचं एक काल्पनिक राज्य वसवलंय. दुकानांच्या विटक्या झालेल्या पाट्या-पत्रकं, पडका महाल, त्याच्या भिंतींमागे खरे वाघ, झाडांवर वटवाघळं. नेपाळ म्हणावं तर नाही, राजस्थान म्हणावं तर नाही. सासूबाई पाटीपाटीपाशी थांबून वाचत होत्या आणि भिंतीच्या गिलाव्याला मुद्दाम पाडलेल्या भेगांना हात लावून बघत होत्या. ‘पैसे खर्चून जुनं केलंय,’ एवढंच म्हणाल्या, कौतुकाने की कशाने ते कळलं नाही. महाराजा जंगल ट्रेक ही सावलीची वाट आहे, आणि तरुण मंडळींचं एक्स्पिडिशन एव्हरेस्ट शेजारीच. दोन पिढ्यांना एकाच वेळी गुंतवणारी अशी जागा चारही पार्कांत मला दुसरी सापडलेली नाही.

सफारी मात्र सकाळीच घ्या. उन्हं चढली की प्राणीही सावलीत बसतात.

१०. आतषबाजी आणि परतीचा रस्ता

मॅजिक किंगडमची आतषबाजी किल्ल्यासमोरून बघायची तर जागा धरायला तासभर आधी फरशीवर बसावं लागतं, आणि संपल्यावर हजारो माणसं एकदम बोटीकडे निघतात. किल्ल्यावर उमटणारी चित्रं पाहायची असतील तर तिथेच थांबा, पहिल्यांदा आलेल्या मुलांना ते दाखवायलाच हवं. पण बरोबर झोपाळू मूल आणि दुखरे गुडघे असतील, तर सुरू व्हायच्या अर्धा तास आधी बोटीने अलीकडे या. धक्क्यावरून तळ्यापलीकडे सगळं आकाश दिसतं आणि टेकायला जागाही मिळते.

सकाळी गाडी लावताना पाटीचा फोटो काढून ठेवा. तिथल्या वाहनतळाच्या भागांना सिंबा, जाफर अशी पात्रांची नावं आहेत. रात्री दहाला घरातल्या प्रत्येकाला वेगळं पात्र आठवतं, आणि सगळ्यात ठामपणे तो सांगतो ज्याने एकही सिनेमा पाहिलेला नसतो.